बुडाचा प्रश्न

सुलतानपुरात होडीचा विषय निघाला की समजावं, एक तर कुठं तरी पूर आलाय, नाहीतर निवडणूक आलीय. एरवी आमचा आणि होडीचा संबंध वर्तमानपत्रापुरता. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातलं हे गाव. इथून पश्चिमेला सरळ रेघ ओढली तरी समुद्र साडेतीनशे किलोमीटरच्या पलीकडं. आमच्यातल्या ज्यांनी समुद्र पाहिलाय, त्यांनी तो मुंबईला कुणाला तरी दवाखान्यात भेटायला गेल्यावर, परतीच्या गाडीला अजून वेळ होता म्हणून पाहिलाय.

पाण्याच्या बाबतीत आमचं नशीबही जरा विचित्र. अख्ख्या जगानं बघायला यावं असं एक पाणी आमच्या शेजारी आहे. लोणारचं सरोवर! काळ्या कातळात उल्का आदळून झालेलं विवर, तेही पाण्यानं भरलेलं. २०२० च्या जून महिन्यात ते गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासून सांगितलं की हा खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचा रंग आहे. त्याच वर्षी सरोवर रामसर यादीत गेलं. मान मिळाला, पाहुणे आले, फोटो निघाले. पण धंद्याजोगा मासा नाही. पाणी इतकं खारं आणि इतकं अल्कधर्मी, की त्यात मासा जगणंच कठीण. देवानं आकाशातून दगड टाकून तळं खोदून दिलं, भरून दिलं, आणि शेवटी सोडा घालताना हात सैल सोडला.

त्यामुळं मासे धरणाऱ्या माणसाला लोणारकडं पाठ करून धरणांकडं जावं लागतं. मेहकर तालुक्यात पैनगंगेवरचं पेनटाकळी आहे, कोराडी आहे. देऊळगाव राजाकडं खडकपूर्णा आहे. त्या धरणाला संत चोखामेळ्यांचं नाव आहे, कारण त्यांचं मेहुणाराजा त्याच तालुक्यात. या पाण्यांत कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडायची, ती वाढू द्यायची आणि मग जाळं टाकायचं, असा हा धंदा. माझे मामा तो करतात. कुठल्या तलावावर, ते मी लिहीत नाही. ठेक्याचे दिवस जवळ आलेत आणि मामांचा स्वभाव मला माहीत आहे.

मामा जातीचे भोई. आजवर त्यांनी होडीशिवायच धंदा केला. होडीऐवजी त्यांच्याकडं थर्माकोल होतं. थर्माकोलचा जाड ठोकळा घ्यायचा, तो जुन्या जाळ्यात नाहीतर प्लास्टिकच्या पोत्यात आवळून बांधायचा, त्यावर मांडी घालून बसायचं आणि दोन्ही हातांत फळकुटं घेऊन पाणी मागं सारत जायचं. काही जण ट्रकच्या ट्यूबवर बसतात. ते मामांच्या मते हलके लोक. बुडत्याला काडीचा आधार असतो, मामांना थर्माकोलचा होता, आणि काडीपेक्षा तो किती तरी भरवशाचा.

याबद्दल कुणी नाक मुरडू नये. अमेरिकेत १९५८ साली बॉस्टन व्हेलर नावाची बोट बाजारात आली. फायबरचे दोन थर आणि मधे फेस भरून घट्ट केलेला. ही बुडत नाही, हे लोकांना पटावं म्हणून कंपनीचे मालक रिचर्ड फिशर त्या बोटीत सुटाबुटात बसले आणि भर पाण्यात ती मधोमध करवतीनं कापून घेतली. अर्धी बोट वेगळी झाली, उरलेल्या अर्धीत हे तसेच बसून. १९६१ साली 'लाइफ' मासिकात ते फोटो छापून आले. पुण्याला शिकून आलेल्या आमच्या एका पोरानं मोबाइलवर तो फोटो मामांना दाखवला. मामांनी तो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "थर्माकोलच हाय लेका. वरून रंग मारला एवढंच. अन् हा मानूस बूट काहून घालून बसला?"

तर अशा मामांना होडी घ्यायची बुद्धी झाली ती प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेमुळं. २०२० साली ही योजना आली. सर्वसाधारण गटाला ४० टक्के अनुदान. महिला आणि अनुसूचित जाती-जमाती यांना ६० टक्के. हा फरक कानावर पडताच मामांना स्त्रियांच्या सक्षमीकरणाबद्दल एकदम आस्था वाटू लागली. अर्ज मामींच्या नावानं झाला. सही करताना मामींनी विचारलं, "कायचा कागद हाय?" मामा म्हणाले, "तू कर तं आधी." सक्षमीकरणाची सुरुवात बऱ्याच घरांत याच वाक्यानं होते. कचेरीतल्या बाबूनं सवयीनं सातबारा मागितला. नाव पाण्यावर चालते, असं मामांनी सांगितल्यावर त्यानं क्षणभर विचार करून 'लागू नाही' असं लिहिलं, आणि कागद पुढं सरकला.

आता खरा प्रश्न आला. होडी दोन प्रकारची मिळत होती. दोन्ही फायबरच्या, लांबीनं सारख्याच, किमतीतही फार फरक नाही. फरक होता तो बुडात. एकीचं बूड सपाट, परातीसारखं. तिची दोन्ही टोकंही बोथट, त्यामुळं पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं ते पाहून कळू नये. दुसरीचं बूड खाली निमुळतं, मधोमध धार, पुढं उचललेली टोकदार नाळ आणि बाजूनं निळा पट्टा. मामांनी दुसरीचा फोटो मोबाइलच्या पडद्यावर लावला. त्या जागी त्याआधी विठ्ठल होता.

माणसानं होडीच्या प्रेमात पडावं ती बहुधा वरच्या भागाच्या. बूड कुणी बघत नाही, कारण ते पाण्याखाली. होडीचं नशीब मात्र तिथंच ठरतं.

चौकातल्या हॉटेलात हा विषय पोचायला एक दुपार पुरली. जालना-मेहकर रस्त्यावरचं आमचं गाव. येणारी-जाणारी गाडी इथं चहाला थांबते आणि जाताना मत देऊन जाते. ज्यांनी जन्मात वल्हं हातात धरलेलं नाही, त्यांची मतं सर्वांत ठाम निघाली. ट्रॅक्टरवाल्यानं पहिला प्रश्न टाकला, "किती एचपी?" इंजिन नाही, हातानं वल्हवायची, असं सांगितल्यावर त्याचा रस संपला, तरी तो उठला नाही. बोअरवाला म्हणाला, "आधी पानी पाहून घ्या, मंग नाव." हे तो कुठल्याही विषयावर म्हणतो. गवंडी म्हणाला, सपाट कधीही चांगलं, लेव्हल मिळते. एसटीची वाट बघत बसलेल्या एका परक्या गावच्या माणसानं सांगितलं की कोकणात सगळ्या होड्या टोकदार बुडाच्या असतात, त्या लोकांना काय कमी कळतं? एवढं बोलून होईतो त्याची एसटी आली आणि तो गेला; त्याचं मत मात्र पुढं बराच काळ बाकावर बसून होतं.

पुण्याच्या पोरानं टोकदार पक्षाची बाजू सांभाळली. त्यानं माहिती काढली होती. रे हंट नावाचा एक अमेरिकन बोटींची बुडं आखायचा. वर सांगितलेल्या बॉस्टन व्हेलरच्या बुडामागंही त्याचं डोकं होतं. त्यानं पार मागच्या टोकापर्यंत खोल धार असलेलं बूड काढलं. १९६० साली मायामी ते नासाऊ अशी मोटारबोटींची शर्यत झाली, समुद्र खवळलेला, आणि त्यात या बुडाची 'मोपी' नावाची बोट पहिली आली. सपाट बुडाच्या बोटी लाटेवर आपटत राहतात. धारेची बोट लाट कापत जाते. तिथून पुढं वेगाच्या बोटींचं बूड बदललं ते बदललंच.

मामांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "शर्यत जितली ते ठीक. मासे किती धरले?"

पोराकडं आकडा नव्हता.

सपाट पक्षाचे पुढारी निवृत्त गुरुजी. त्यांना तोंडी सांगणं जमत नाही, प्रयोग लागतो. त्यांनी हॉटेलातल्या पाण्याच्या टाकीत एक स्टीलची ताटली सोडली आणि शेजारी पत्र्याचा तुकडा मधोमध दुमडून सोडला. ताटली स्थिर. पत्रा लगेच एका कुशीवर कलला. "पाहा," गुरुजी म्हणाले, "सपाट बूड उभ्या जागी डळमळत नाही. पाणीही कमी लागतं. गुडघाभर पाण्यात जाईल." मग त्यांनी ताटलीच्या मधोमध साखरेची वाटी ठेवली, ताटली तरीही स्थिर. गुरुजींना थांबायला हवं होतं. पण प्रयोग पूर्ण करायची चाळीस वर्षांची सवय. त्यांनी वाटी हळूहळू काठाकडं सरकवली. बराच वेळ काही झालं नाही आणि मग सगळं एकदमच झालं. साखर, वाटी, ताटली तळाला. हॉटेलवाल्यानं साखरेचे पैसे गुरुजींच्या खात्यावर मांडले.

यातून जे कळलं ते खोटं नाही. सपाट होडी आधी खूप सहन करते, आपण निर्धास्त होतो, आणि एका मर्यादेपलीकडं ती सूचना न देता उलटते. निमुळत्या बुडाची सुरुवातीपासून कुरकुरते. तुम्ही नुसती कूस बदलली तरी ती डुलते, पण जसजशी कलते तसतशी तिची कड पाण्यात जाऊन तिला आधार देते. भित्र्या माणसाला सपाट होडी आवडते, अनुभवी माणसाला दुसरी. मामा अनुभवी आहेत, पण फक्त थर्माकोलचे.

कोकणाचा मुद्दा मात्र निकालात काढायला हवा होता. तिथं लाट असते, उधाण असतं, खोल पाणी असतं, म्हणून होडीला खाली पठाण लागतो. पठाण म्हणजे तळाचा कणा, ज्यानं होडी वाऱ्यानं वाहवत न जाता धरलेल्या रेषेत राहते. आणि जिथं होडी अरुंद असते तिथं बाजूला उलांडी बांधतात, म्हणजे कलंडायची भीती नको. त्या लोकांनी आपापल्या पाण्याकडं पाहून बुडं घडवली. आमच्या धरणाचं पाणी काय आहे? पावसाळ्यानंतर ते भरतं तेव्हा दिमाख असतो. मार्चपासून ते मागं सरायला लागतं. काठ उघडा पडतो, गाळ उघडा पडतो, धरणात बुडालेल्या जुन्या बाभळींची खोडं वर येतात. मे महिन्यात पाणी इतकं लांब जातं, की काठावर बांधलेली होडी रानात बांधल्यागत दिसते. धारेचं बूड अशा गाळात रुतलं की हलत नाही. खोडाला अडलं तर धारच चिरते. सपाट बूड गाळावरून ओढून नेता येतं.

आणि उचलून. हे महत्त्वाचं, आणि ते मामांच्या लक्षात सगळ्यांत आधी आलं. भोयांचा मूळ धंदा दोन गोष्टींचा. पाण्यातले मासे आणि खांद्यावरची पालखी. पालख्या गेल्या, मासे राहिले. आता पाणी दूर गेलं की सकाळी होडी खांद्यावर घेऊन पाण्यापर्यंत जायचं आणि संध्याकाळी परत आणायची. "पूर्वी पालखीत मानूस तरी राहे," मामा म्हणाले. "तो बक्षिसी दे. आता रिकामी पालखी वाहाची, अन् हप्ता आपनच भराचा." निमुळती होडी खांद्यावर नीट बसत नाही, तिची धार हाडाला लागते. सपाट बसते. ही कसोटी मायामीत कुणाला सुचली नसेल.

टोकदार पक्ष तरीही हटला नाही, आणि त्यांचा एक मुद्दा मलाही मान्य आहे. खडकपूर्ण्यासारख्या रुंद पाण्यावर मृगाच्या आधीचा वारा सुटला की लाट उठते. ज्यांनी धरण फक्त पुलावरून पाहिलंय त्यांना ती लाट कळत नाही. सपाट होडी अशा लाटेवर थपथप आपटते, अंगातली हाडं मोजून काढते, आणि वाऱ्यानं आडवी फिरते. तिला सरळ न्यायचं म्हणजे एका बाजूचं वल्हं सतत जास्त मारायचं. पण लाट कापायला धारेला वेग लागतो. इंजिन लावून होडी पाण्यावर उचलली गेली तरच त्या बुडाचा खरा गुण दिसतो. हातानं वल्हवताना ती धार म्हणजे नुसतं ओझं. पाण्यात खोल बसते, कलते आणि मधल्या खळग्यात जमलेलं पाणी बूट भिजवतं. मामांच्या बाबतीत बूट हा प्रश्न नव्हता, एवढंच.

शेवटी गुरुजींनी राखून ठेवलेलं काढलं. इतिहास! आमच्या भागात वाद इतिहासावर आला की समोरच्यानं चहाचे पैसे द्यावेत आणि निघावं. "सिंदखेडराजा कुणाचं?" त्यांनी विचारलं. जिजाऊंचं, हे शेंबडं पोरही सांगेल. "म्हणजे ज्यानं मराठी आरमार उभं केलं, त्या राजाचं आजोळ कुठलं? आपल्याकडचं! आणि १६७९ साली खांदेरीच्या बेटावर महाराजांनी किल्ला बांधायला घेतला, इंग्रजांनी मोठी जहाजं आणून वेढा घातला, तेव्हा बेटावर सामान कुणी पोचवलं? लहान, उथळ बुडाच्या, वल्ह्यांवर चालणाऱ्या संगमेश्वरी होड्यांनी. रात्री इंग्रजांच्या नाकाखालून जायच्या. त्यांची जहाजं खोल बुडाची. उथळ पाण्यात मागं येतील कशी?"

उथळ म्हणजे सपाटच असं नाही, हे पोराच्या ओठावर आलेलं मला दिसलं. पण महाराजांच्या आरमाराविरुद्ध चौकात बोलायचं म्हणजे त्यानं पुन्हा पुण्याला जायची तयारी ठेवायला हवी होती. तो गप्प बसला. टोकदार पक्ष त्या दुपारी फुटला.

एवढी चर्चा झाली, पण जिच्या नावावर होडी येणार होती तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ते विचारावं लागलं, कारण विक्रेत्याच्या गोदामात अर्जदार स्वतः हजर पाहिजे अशी अट होती. मामी चांगलं लुगडं नेसून आल्या. दोन्ही होड्या जमिनीवर लाकडी ठोकळ्यांवर मांडलेल्या. मामा निळ्या पट्ट्यावरून हात फिरवत उभे राहिले. विक्रेता बुडाविषयी सांगू लागला. मामींनी बुडाकडं पाहिलंच नाही. त्या सरळ होडीत चढल्या. आधी टोकदार होडीत. आत फिरून आल्या. "जाळं कुठं ठेवाचं?" त्यांनी विचारलं. विक्रेत्यानं मधला खळगा दाखवला. "तिथं तं पानी जमते. मासे कुठं निवडाचे? जाळं वढाले एका अंगानं दोघं उभे राह्यलो तं?" विक्रेता म्हणाला, तसं दोघांनी एका अंगाला उभं राहायचं नसतं. मामी म्हणाल्या, "मंग जाळं काय एकट्यानं वढाचं?"

मग त्या सपाट होडीत चढल्या. चार पावलं इकडं, चार पावलं तिकडं. खाली बसून पाहिलं, उठून पाहिलं, तळावर हात आपटून पाहिला. "ह्या नावंत सयपाकही होते," त्या म्हणाल्या आणि उतरल्या. हॉटेलातल्या सगळ्या चर्चेत होडी बाहेरून पाहिली गेली होती. आत उभं राहून काम कसं होईल हे एकट्या मामींनी पाहिलं. मामांनी निळ्या पट्ट्यावरून शेवटचा हात फिरवला. येताना गाडीत ते फारसं बोलले नाहीत. मोबाइलवर विठ्ठल परत आला.

होडी गावात आली ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, पालथी, दोरांनी आवळून. चौकात ट्रॉली थांबताच गर्दी झाली. पालथी असल्यामुळं बूड वर होतं, आणि ज्या बुडावर एवढा वाद झाला ते सगळ्यांना पहिल्यांदाच निवांत बघता आलं. गवंड्यानं त्यावर ओळंब्याची दोरी धरून पाहिली आणि समाधानानं मान हलवली. एका म्हातारीनं घाबरून विचारलं, "पूर येनार हाय का बापा?" तिला समजावेपर्यंत शेजारच्या गल्लीत, सरकारनं होड्या वाटायला सुरुवात केली, अशी बातमी पोचली, आणि दोन माणसं आधार कार्ड घेऊन आली.

धरणावर पूजा झाली. तिथं नवाच पेच. नारळ होडीच्या तोंडावर फोडायचा असतो, आणि या होडीला तोंड कुठलं तेच कळेना, दोन्हीकडून सारखीच. गुरुजी एका टोकाला हळद-कुंकू लावून मोकळे झाले होते, तर मामा म्हणाले ते मागचं. निळ्या पट्ट्यावालीला नाळ होती, तिच्या बाबतीत हा प्रश्नच आला नसता, हेही त्यांनी सुनावलं. पोरानं मोबाइल काढला. मामींनी तो खाली ठेवायला सांगितला, नारळ घेतला, पाण्याकडच्या टोकावर फोडला, आणि त्याच टोकाशी पाण्याकडं तोंड करून बसल्या. पूजा संपली.

आता दोन वल्ही घेऊन होडी हाकायची तर एक अडचण असते, ती ठोकळ्यावर बसणाऱ्याला नसते. वल्हवणाऱ्याची पाठ पुढं असते. जिकडं जायचं तिकडं तो बघू शकत नाही. जिथून निघालो तेवढंच त्याला दिसत राहतं. म्हणून मामा वल्हवू लागले काठाकडं तोंड करून, आणि रस्ता बघायचं काम आपोआप मामींकडं गेलं. पन्नासेक हात गेले असतील. पुढं बाभळीचं खोड वर आलं होतं.

"आवं, डावीकडं घ्या!" मामी ओरडल्या.

मामांनी डावीकडं घेतलं, आणि होडी नेमकी खोडाकडं वळली. गाळात घासली, थांबली. सपाट बूड होतं, काही झालं नाही.

"डावीकडं सांगतलं ना!"

"डावीकडंच घेतलं! कोनाच्या डावीकडं?"

काठावर आम्ही सगळे उभे होतो. पाण्यावरून आवाज स्पष्ट येतो.

"नाव कोनाच्या नावावर हाय?" मामी म्हणाल्या.